मदत हवी आहे: चढणीच्या वाटेचे पर्स्पेक्टिव्ह कसे बसवावे?

सप्रेम नमस्कार.

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो आणि हौसेखातर पेन्सिलीने व शाईने इमारतींची स्थळचित्रे काढतो. सपाट जमिनीवरच्या दृश्यात अंतराची खोली दाखवण्यापुरते पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळ-दूरचा भास कागदावर आणण्याची रीत, मला जमते. महाराज बाड्याभोवतीच्या इमारती मी एका किंवा दोन व्हॅनिशिंग पॉइंटांवर (समांतर रेषा दूरवर जेथे मिळताना दिसतात त्या बिंदूंवर) अनेकदा बसवल्या आहेत. सध्या मात्र किल्ल्याच्या पूर्व अंगाने पायथ्यापासून हाथी पोल या वरच्या दरवाज्यापर्यंत जाणाऱ्या चढणीचे चित्र हाती घेतले आहे आणि त्यात अडचण येत आहे.

दृश्य असे आहे: पायथ्याच्या दरवाज्यातून आत येऊन चढाकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजव्या हाताला डोंगराचा कडा, डाव्या हाताला दगडी कठडा, समोर वर जाणारी वाट, वाटेवर पुढचा दरवाजा आणि सर्वांत वर राजा मानसिंह तोमराच्या मानमंदिर या राजवाड्याचे गोल बुरूज. कागदावर वाटेच्या दोन्ही कडा एकमेकींकडे झुकतात, दूरची माणसे लहान होतात, आणि उन्हाळ्यातल्या धुळकट हवेप्रमाणे वरचे बुरूज फिके ठेवले की अंतरही जाणवते. पण वाट चढते आहे असे काही केल्या वाटत नाही. पाहणाऱ्याला ती सपाट आणि लांबलचक दिसते. चढ दिसावा म्हणून व्हॅनिशिंग पॉइंट आणखी वर नेला, तर वाटेऐवजी समोर उभी केलेली फळी दिसू लागते.

माझ्याजवळच्या पुस्तकांचा येथे उपयोग होत नाही. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकाच्या प्रारंभी फ्लॉरेन्समध्ये करून दाखवलेले प्रयोग आणि इटालियन लेखक व वास्तुकार आल्बेर्तीने १४३५ मध्ये शब्दबद्ध केलेली चौकटींच्या फरशीची रीत यांपासून थेट शाळेच्या चित्रकलेपर्यंत बहुतेक विवेचन समतल जमीन गृहीत धरून चालते, आणि उदाहरणासाठी रेल्वेचे रूळ ठरलेलेच असतात. (दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी ज्या शहरात वर्षानुवर्षे धावली, तेथील माणसाने रुळांविषयी तक्रार करू नये हे खरे, पण किल्ल्याच्या चढणीवर रूळ नाहीत.)

तेव्हा मला हे जाणून घ्यायचे आहे की चढणाऱ्या वाटेचा व्हॅनिशिंग पॉइंट क्षितिजरेषेच्या (डोळ्यांच्या पातळीच्या आडव्या रेषेच्या) नेमका किती वर घ्यावा, वाटेवरच्या माणसांची उंची कोणत्या रेषेवरून ठरवावी, आणि वाट मध्येच वळते तेथे काय करावे. अंदाजाने चित्र साधणारे कलाकार असतीलच. मला मात्र त्यामागची रीत समजून घ्यायची आहे.

प्रतिसाद १

आपला व्हॅनिशिंग पॉइंट बहुधा योग्य जागी आहे. चित्रात कमतरता आहे ती सपाट रेषांची. आपल्या वर्णनावरून वाटेच्या कडा, कठडा आणि कड्याची तळरेषा अशा सर्वच ठळक रेषा त्या एकाच वरच्या बिंदूकडे जात असाव्यात. तसे असेल, तर पाहणाऱ्याची नजर त्या बिंदूलाच क्षितिज समजते आणि आपण उंचावर उभे राहून एखादा सपाट रस्ता पाहत आहोत असा अर्थ लावते. चढ हा स्वतःहून दिसत नाही, तो समतल रेषेच्या तुलनेतच दिसतो. म्हणून चित्रात दोन बिंदू हवेत: जे जे समतल आहे त्याच्यासाठी क्षितिजरेषेवरचा, आणि वाटेला समांतर असलेल्या रेषांसाठी त्याच्या बरोबर वर, त्याच उभ्या रेषेवरचा.

वाटेवरच्या दरवाज्यांचा येथे मोठा उपयोग होईल, कारण वाट चढत असली तरी बांधकामाचे थर गवंड्याने समतलच रचलेले असतात. दरवाज्याच्या बाजूच्या भिंती, कंगोरे आणि छताची कड क्षितिजावरच्या बिंदूकडे न्यावी, तर त्याच भिंतीचा तळ जिथे वाटेला टेकतो ती रेषा वरच्या बिंदूकडे न्यावी. या दोन दिशा जुळत नसल्यामुळे खालचे दगडी थर वाटेत एकेक करून बुडत गेलेले दिसतात. हे पाचरीसारखे तुकडे मन लावून काढावेत; छायाप्रकाशाने न साधलेला चढ तेवढ्याने दिसू लागतो.

उंचीचा हिशोब सोपा आहे. ज्या अंतरावरून चित्र पाहिले जाईल असे आपण मानले असेल, त्या अंतराला चढाच्या प्रमाणाने गुणावे. ते अंतर ६० सेंटिमीटर आणि चढ आठास एक (आठ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर) असा धरला, तर वरचा बिंदू क्षितिजरेषेच्या साडेसात सेंटिमीटर वर येतो. वाट सरळ समोर न जाता तिरकी जात असेल, तर डोळ्यापासून क्षितिजावरच्या त्या दिशेच्या बिंदूपर्यंतचे अंतर घ्यावे लागेल, आणि ते थोडे अधिक भरेल. वळणानंतर नव्या दिशेचा नवा बिंदू घ्यावा; तेथे चढ सौम्य झाला असेल तर तो क्षितिजाच्या जवळ उतरेल.

माणसांच्या बाबतीत सपाट रस्त्याचा नियम येथे विसरावा. सपाटीवर आपल्याच उंचीच्या सर्व उभ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवर येतात. चढावर जवळच्या माणसाच्या पायापासून एक आणि डोक्यापासून एक अशा दोन रेषा वरच्या बिंदूकडे न्याव्यात, आणि त्याच ओळीत पुढे चालणारी माणसे त्या दोन रेषांत बसवावीत. आपले डोळे जमिनीपासून दीड मीटर उंच असतील, तर आठास एक अशा चढावर बारा मीटर पुढे गेलेल्या माणसाचे पाय क्षितिजरेषेला टेकतात आणि त्यापुढचा प्रत्येक जण संपूर्ण तिच्या वर असतो. माणूस मात्र वाटेशी काटकोनात नव्हे, ओळंब्यात उभा काढावा.

मूळ धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. पाचरीची गोष्ट माझ्या लक्षातच आली नसती. आणखी दोन शंका आहेत. जागेवर क्षितिजरेषा कशी शोधावी, कारण कडा आणि तटबंदी यांच्यामुळे समोर खरे क्षितिज दिसतच नाही? आणि मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात मानमंदिराचे बुरूज वर एकमेकांकडे झुकलेले दिसतात, ते तसेच घ्यावेत का?

प्रतिसाद २

पारदर्शक बाटलीत अर्धे पाणी भरून ती डोळ्यांसमोर वरखाली करावी. पाण्याचा पृष्ठभाग वरूनही दिसत नाही आणि खालूनही दिसत नाही, केवळ एक रेघ उरते, त्या उंचीला आपली क्षितिजरेषा आहे. त्या रेघेच्या मागे दरवाज्याचा कोणता दगड येतो ते पाहून कागदावर खूण करावी.

बुरूज झुकलेले दिसतात ते मोबाइल वर कलता धरल्यामुळे. चित्र ज्या काल्पनिक पडद्यावर उमटते तो उभा मानला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात, कलता मानला तर त्या वर तिसऱ्या बिंदूकडे जातात. दोन्ही पद्धती शास्त्रशुद्ध आहेत, पण वाट एका पद्धतीने आणि बुरूज दुसऱ्या पद्धतीने काढल्यास चित्र मध्येच मोडते. आपला विषय वाटेचा चढ हा असल्यामुळे मी उभ्या रेषा उभ्याच ठेवीन, कारण तीन बिंदूंच्या चित्रात चढापेक्षा इमारतीची उंचीच अधिक लक्ष वेधून घेते. बुरुजांवरचे निळ्या फरशांचे पट्टे मात्र सरळ काढू नयेत. ते डोळ्यांच्या पातळीहून उंच असल्यामुळे मध्यभागी वर उचललेल्या कमानीसारखे दिसतात, आणि एकाच बुरुजावर जो पट्टा अधिक वर, त्याचा बाक अधिक असतो.