मिटफर्ड बहिणींपैकी दोघीच हिटलरकडे कशा ओढल्या गेल्या?

फोंड्याहून विचारतेय. आमच्या वाचन मंडळात पुढच्या रविवारी मला युनिटी आणि डायना मिटफर्डवर बोलायचंय. इंग्लंडमधल्या लॉर्डाच्या घरात वाढलेल्या मुलींना फॅसिझमची भुरळ का पडावी? कंटाळा, की खरंच पटलं होतं?

उत्तर १
ताई, कंटाळा म्हणून सोडून देऊ नका. युनिटी म्युनिकच्या ओस्टेरिया बाव्हारिया या रेस्टॉरंटात दिवसेंदिवस टेबल धरून बसायची, हिटलर जेवायला येईल म्हणून. फेब्रुवारी १९३५मध्ये त्यानं तिला आपल्या टेबलाशी बोलावलं. त्याच वर्षी तिनं ज्यूद्वेषी साप्ताहिकाला पत्र लिहून आपला द्वेष सहीनिशी जाहीर केला. पटल्याशिवाय असं कोण लिहील?
डायनानं १९३६मध्ये ब्रिटिश फॅसिस्टांचा नेता मोस्लीशी लग्न केलं ते बर्लिनला, हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या घरी. हिटलर पाहुणा होता.
माझे आजोबा म्हापशाच्या शाळेत पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या तसबिरीखाली शिकले. ते सांगायचे, फोटोकडे बघून बोलायची सवय लागली की आवाज आपोआप खाली येतो. या दोघींनी तर स्वतः होऊन मान तुकवली. मला त्याचाच राग येतो.

उत्तर २
त्यांची बहीण जेसिकाला विसरू नका. तेच घर, तेच आईबाप, आणि ती १९३७मध्ये स्पेनला पळाली, बंडखोर सेनापती फ्रँकोच्या विरोधकांकडे. घराण्यावर सगळं ढकलता येत नाही.

प्रश्नकर्ती
देव बरें करूं! युनिटीचं शेवटी काय झालं?

उत्तर १
३ सप्टेंबर १९३९, ब्रिटननं युद्ध पुकारलं त्या दिवशी म्युनिकच्या बागेत तिनं डोक्यात गोळी झाडून घेतली. वाचली. गोळी मात्र काढता आली नाही, तीच १९४८मध्ये भोवली.