प्रतिसाद: सीआरपी वाढलाय, मग सूज उतरवायचं औषध का नाही?

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे: काकांचं इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती रक्त बाहेर टाकतं ते) 30 टक्के, सीआरपी (रक्तातला सूज दाखवणारा घटक) वाढलेला, तरी इंदूरचे डॉक्टर सूज उतरवायचं औषध देत नाहीत.

संशोधकांनी हे करून पाहिलंय, आणि ते अंगाशी आलं. हार्ट फेल्युअरमध्ये (काकांसारखं हृदय पुरेसं रक्त पंप करत नाही तेव्हा) रक्तात टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन वाढतं हे 1990 पासून माहीत आहे. म्हणून ते अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध रुग्णांना दिलं. किलोमागे 10 मिग्रॅ घेणाऱ्यांत मृत्यू आणि हॉस्पिटलात भरती उलट वाढली. बहुधा कारण असं, की सुजेची हीच यंत्रणा हृदयाची डागडुजीही करते. अटॅकनंतर आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मग मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी मेलेला स्नायू साफ करतात, त्यानंतर तिथे घट्ट वण तयार होतो. मध्येच स्टेरॉइडने हे दाबलं तर वण पातळ राहून हृदयाची भिंत फुगण्याची, क्वचित फाटण्याची भीती. शिवाय सीआरपी साध्या लघवीच्या इन्फेक्शननेही वाढतो, तेही बघून घ्या.

गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मेडिकलवरून परस्पर आणू नका. त्याने मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं, लघवीच्या गोळीचा जोर कमी होतो. रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करा; तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर लगेच फोन. (पोह्यांवरच्या मूठभर शेवेतलं मीठही मोजा. इंदुरात हे सांगणं म्हणजे पापच!)

फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकॉकलची (न्यूमोनियाविरुद्धची) डॉक्टरांना विचारून. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे मात्र चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत.