गेज चार्ट डॅशबोर्डवरून काढावा, असं माझं ठाम मत आहे

आकडेमोड
वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी एमआयएस, म्हणजे आकड्यांचे अहवाल, बघतो. पॉवर बीआय, म्हणजे आकडे चार्टच्या रूपात एका पडद्यावर (डॅशबोर्डवर) दाखवणारं सॉफ्टवेअर, आलं तेव्हा साहेबांना सगळ्यात आधी आवडला तो गेज. स्पीडोमीटरसारखी अर्धगोल कमान, मधोमध मोठा आकडा. मीही हौसेने लावला.

डिस्पॅचचं, म्हणजे बाहेर पाठवायच्या मालाचं, महिन्याचं टार्गेट १,२०,००० नग होतं. मी 'व्हॅल्यू'मध्ये डिस्पॅच ओढलं, टार्गेट नुसतं शीर्षकात लिहिलं आणि 'मॅक्सिमम'चा रकाना रिकामा सोडला. पंधरा तारखेच्या मीटिंगला स्क्रीनवर ४१,००० आणि कमान बरोबर अर्धी भरलेली. कामाच्या २६ दिवसांपैकी १३ सरले होते. सगळ्यांना वाटलं, अर्धा महिना झाला, अर्धं काम झालं. प्रत्यक्षात ६०,००० जायला हवे होते. आम्ही १९,००० नग मागे होतो.

मॅक्सिमम दिलं नाही तर पॉवर बीआय शून्यापासून सुरू करून व्हॅल्यूच्या दुपटीपर्यंत कमान आखतं. म्हणजे दोन तारखेलाही अर्धी आणि पंचवीसलाही अर्धीच! शेवटच्या आठवड्यात रात्रपाळ्या लावाव्या लागल्या. रकाना मी रिकामा सोडला, ती चूक माझी. पण तो रिकामा असतानाही चित्र इतकं देखणं आणि पूर्ण दिसतं की कोणालाच शंका येत नाही, याची मला भीती वाटते. म्हणून माझं म्हणणं, गेज नकोच.

शिफ्ट_इनचार्ज
नाही पटलं. सेटिंग चुकलं म्हणून चार्टच हद्दपार का करायचा?

आमच्या लाईनवर वर टीव्ही टांगलेला आहे. ऑपरेटर वीस फुटांवरून, हातात काम असताना बघतो. त्याला तक्ता वाचायला वेळ नसतो. प्रेशर गेज, अँपिअर मीटर बघण्यात त्याचा जन्म गेलाय, कमान कुठवर आली हे त्याला क्षणात कळतं. तुम्ही मीटिंगच्या खोलीतून बोलताय, मी फ्लोअरवरून.

सेटिंग सरळ आहे. फॉरमॅटमध्ये गेज ॲक्सिसखाली किमान, कमाल, टार्गेट टाका. आकडा दर महिन्याला बदलत असेल तर हाताने टाकू नका, त्याचं मेजर (पॉवर बीआयमधलं सूत्र) लिहून रकान्यात ओढा. आणि कमाल टार्गेटइतकीच ठेवू नका. मग ११० टक्के काम झालं तरी कमान भरून तिथेच थांबते, मुलांनी केलेलं जास्तीचं काम दिसतच नाही. १,२०,००० चं टार्गेट असेल तर मी कमाल १,५०,००० ठेवतो, म्हणजे टार्गेटची रेघ कमानीच्या आत येते आणि ती ओलांडलेली दिसते.

रेघ_न_रेघ
शिफ्ट_इनचार्ज, प्रेशर गेजची उपमा घेतलीत म्हणून त्यावरच बोलते. प्रेशर गेजचा काटा या क्षणाचा दाब सांगतो. तुमच्या टीव्हीवरचा आकडा कधीचा असतो? पॉवर बीआयच्या प्रो लायसन्सवर इम्पोर्ट केलेला (प्रत करून आत घेतलेला) डेटा दिवसातून जास्तीत जास्त आठ वेळा शेड्यूलने रिफ्रेश होतो. माणूस कमान बघतो आणि 'आत्ता असं आहे' समजतो, आकडा मात्र तीन तासांपूर्वीचा असू शकतो.

दुसरं, डोळ्यांचं. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये लोकांना वेगवेगळ्या आकृत्यांवरून प्रमाण ओळखायला लावलं होतं. एकाच मोजपट्टीवरची जागा लोक अचूक ओळखतात, कोन ओळखताना जास्त चुकतात. डॅशबोर्डच्या मांडणीवर लिहिणारे स्टीफन फ्यू यांनी गेजला पर्याय म्हणून बुलेट ग्राफ मांडला: एक आडवा बार, टार्गेटची उभी रेघ, मागे फिकट पट्टे. एका गेजच्या जागेत असे चार-पाच बसतात. टॅब्लो या पॉवर बीआयसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये तो 'शो मी' या चार्टच्या यादीत तयारच मिळतो.

दूध_संकलन
आमच्याकडे बल्क कूलर, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या टाक्या, आहेत. ५,००० लिटरची टाकी, संध्याकाळच्या संकलनाला किती भरली ते गेजवर दिसतं. इथे कमाल म्हणजे टाकीची क्षमता, ती कोणी ठरवत नाही आणि महिन्याला बदलतही नाही. दुधाचं तापमानही तसंच, ४ अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. इथे गेज चपखल बसतो, आणि डेटा सेन्सरवरून थेट येतो. सरसकट 'नकोच' म्हणू नका.

आकडेमोड
दूध_संकलन, तुमचं मान्य. टाकीला तळ आणि काठ दोन्ही खरे असतात. माझा विरोध विक्री, डिस्पॅच, वसुली अशा आकड्यांना आहे. तिथला काठ आपणच आखतो.

शिफ्ट_इनचार्ज, तुमच्या लाईनवर ओईईचा (मशीनची उपलब्धता, वेग आणि चांगला माल या तिन्ही टक्केवाऱ्यांचा गुणाकार) गेज असेलच. ती टक्केवारी, काठ शंभरावर पक्का, मग गेज चालायला हवा. तरी बघा: उपलब्धता ८० टक्के, वेग ९० टक्के, सगळा माल चांगला, तर ओईई ७२. आता उपलब्धता ९० आणि वेग ८० धरा. पुन्हा ७२. पहिल्या दिवशी मेंटेनन्सवाल्याला हाक मारायची, दुसऱ्या दिवशी मशीन हळू का चालतंय ते शोधायचं. कमान दोन्ही दिवशी सारखीच.

शिफ्ट_इनचार्ज
७२ चा मुद्दा खरा आहे. पण कमान खाली आलेली दिसली की ऑपरेटर मला हाक मारतो, कारण शोधणं माझं काम. तीन-तीन बार लावले तर तो एकही बघणार नाही, हे मी रोज अनुभवतो.

नवीन_सदस्य
रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, गेज कसा लावायचा? तिथे कमी म्हणजे चांगलं. आमच्या साहेबांना कमान भरलेली दिसली की आनंद होतो.

रेघ_न_रेघ
रिजेक्शनला तर अजिबात लावू नका. 'भरलं म्हणजे चांगलं' हे डोक्यात इतकं पक्कं असतं की रंग उलटे करूनही गोंधळ जात नाही. त्यात लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं प्रत्येक कारखान्यात असतात. रोजच्या टक्केवारीचा साधा लाईन चार्ट काढा आणि मर्यादेची एक आडवी रेघ ओढा.

आकडेमोड
शिफ्ट_इनचार्ज, एक विनंती. गेज ठेवायचाच तर टार्गेटची रेघ महिन्याच्या आकड्यावर नको, आजपर्यंतच्या अपेक्षित आकड्यावर ठेवा. एकूण टार्गेट गुणिले सरलेले कामाचे दिवस भागिले महिन्यातले कामाचे दिवस. रविवार आणि सुट्ट्या कॅलेंडर टेबलातून वगळा. माझ्याकडे पंधरा तारखेला ही रेघ ६०,००० वर असती, तर ४१,००० पाहून कोणी मान डोलावली नसती.

शिफ्ट_इनचार्ज
हे करतो. सोमवारी पहिल्या पाळीला एका लाईनवर गेज, शेजारच्या लाईनवर तुमचा आडवा बार, दोन्हींवर रेघ आजपर्यंतच्या टार्गेटची. मग टीव्हीकडे पाठ करून उभ्या असलेल्या ऑपरेटरला विचारतो, आपण पुढे आहोत की मागे. आठवड्याने इथेच लिहीन. माझी पैज गेजवरच आहे.