क्लाउडवर गेल्याने वीज खरोखर वाचते का?

प्रश्न: सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या भाड्याच्या संगणकांवर, हलवल्यास वीज वाचते असे सांगतात, मग आयर्लंडच्या वीजवापरातील डेटा सेंटरांचा (असे हजारो संगणक ठेवणाऱ्या केंद्रांचा) वाटा २०१५ मधील ५ टक्क्यांवरून २०२३ मध्ये २१ टक्क्यांवर कसा गेला?

उत्तर १: दोन्ही खरे आहे. मोठ्या केंद्रात थंडाव्यावर तुलनेने कमी वीज खर्च होते, परंतु केंद्रेच वाढत गेली आणि आता त्यात एआयची भर पडली आहे. गूगलचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत २०२३ मध्ये ४८ टक्क्यांनी वाढल्याचे कंपनीनेच नोंदवले आहे.

उत्तर २: मायक्रोसॉफ्टने तर २०२४ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड या १९७९ च्या अणुअपघाताच्या ठिकाणच्या एका बंद अणुभट्टीच्या विजेसाठी २० वर्षांचा करार केला. (नाव ऐकूनच धडकी भरते, हे वेगळे.)

प्रश्नकर्ता: आमची चाचणीची यंत्रे मात्र रात्रभर रिकामीच चालू असतात.

उत्तर १: मग आधी ती संध्याकाळी आपोआप बंद होतील असे वेळापत्रक लावा.