मदत हवी आहे : चित्रपटांवर पडणारी जुन्या घटनांची आणि कलाकृतींची छाया

मार्च १९५४ मध्ये प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आलेल्या ‘गोजिरा’ (गॉडझिला) या जपानी राक्षसपटाची सुरुवातच डोळे दिपवणाऱ्या प्रकाशात जळून बुडणाऱ्या जहाजाने होते. तत्कालीन प्रेक्षकाला संदर्भ समजावून सांगण्याची गरज नव्हती. आज मात्र तो ठाऊक नसेल, तर त्या दृश्याची निम्मी धार जाते असे मला वाटते. हिचकॉकच्या ‘सायको’ या थरारपटाच्या १९९८ मधील पुनर्निर्मितीत अडचण नेमकी उलट आहे, कारण न्हाणीघरातला खुनाचा प्रसंग प्रेक्षकाला आधीच पाठ असतो. पूर्वस्मृतीचे हे ओझे चित्रपट कसे पेलतात, याविषयी मराठीत गांभीर्याने झालेले लेखन कृपया सुचवावे. विशेषतः संदर्भ पुसट झाल्यावरही टिकून राहिलेल्या चित्रपटांची उदाहरणे मला हवी आहेत.