प्रोपेलरच्या ‘पिच’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न – मिलवॉकी

गेले दोन हिवाळे मी एक जुनी स्पीडबोट नीट करतो आहे. १६ फुटी, फायबरग्लासची, १९६०च्या दशकातली. तिची हकीकत मराठीत लिहून काढतो आहे ती वडिलांसाठी. त्यांची सगळी नोकरी नाशिकला लेथवर गेली. मी राहतो ते अमेरिकेतलं मिलवॉकीही या विषयाचं माहेरच आहे. ओले एव्हिनरुडने १९०९मध्ये आपलं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन, इथेच बाजारात आणलं, आणि तशीच इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी कंपनीची सुरुवात १९३९मध्ये इथून जवळच्या सीडरबर्गला झाली.

सुकाणू, वल्हं, पिछाडीची फळी, सगळं मराठीत आलं. अडलो ते प्रोपेलरपाशी. त्याच्यावर दोन आकडे कोरलेले असतात. माझ्या बोटीबरोबर आलेल्यावर १३ × १९ होते. १३ इंच हा व्यास. १९ हा पिच, म्हणजे पाणी लाकडासारखं घट्ट असतं तर एका फेऱ्यात प्रोपेलर १९ इंच पुढे घुसला असता. ‘पिच’ म्हटलं की आपल्याला क्रिकेटची खेळपट्टी दिसते, गाणाऱ्याला सूर आठवतो. ‘अंतराल’ लिहून पाहिला, पण त्यात काही फिरतंय, पुढे सरकतंय असं वाटत नाही.

दुसरी अडचण क्रियापदाची. बोट, इंजिन आणि प्रोपेलर यांचा मेळ घालण्याला इथे नुसतं ‘प्रॉप करणं’ म्हणतात. ‘प्रोपेलर बसवणे’ म्हटलं तर फक्त नट आवळल्यासारखं होतं.

पुणे

दादा, वडील लेथवर होते तर शब्द घरातच आहे. आटा! प्रोपेलर हा मळसूत्राचाच तुकडा. बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच, हे कारखान्यात कुणालाही विचारा. ‘या प्रोपेलरचा आटा १९ इंची आहे’ असं लिहा, बाबांना लगेच कळेल.

हर्णै

आमच्याकडे प्रोपेलर कुणी म्हणत नाही. पंखा. ‘पंख्यात जाळं गेलं’ हे तर रोजचंच. आउटबोर्डला मशीन, नाहीतर ओबीएम (आउटबोर्ड मोटर). भाषांतर करून ‘बाह्य इंजिन’ लिहिलंत तर बंदरावर कुणालाही कळणार नाही.

पिचसाठी वेगळा शब्द लागत नाही, पण पंखा हलका की भारी एवढं बोलतात. भारी पंखा लावला की मशीन दबतं, धूर काढतं, फेरे पुरते घेत नाही. हलका लावला की मशीन मोकळं पळतं, बोट मात्र जागची फारशी हलत नाही. पंखा पाणी धरतो किंवा सोडतो, असं म्हणतात.

मिलवॉकी

काका, ‘भारी’ आणि ‘दबतं’ वाचून अंगावर काटा आला, कारण माझं तंतोतंत तेच झालं होतं. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ५,००० ते ५,५०० फेरे हवेत असं लिहिलं आहे. १९चा पंखा लावून मला जेमतेम ४,४०० मिळत होते. पिच एक इंचाने कमी केला की साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात, असा इथला ठोकताळा. १५चा पंखा आणला आणि ५,२०० मिळाले. कमाल वेग ताशी मैलभरानेच कमी झाला, पण चार माणसं बसल्यावर बोट नाक वर करून रखडायची ती आता चटकन पाण्यावर चढते. दबलेलं इंजिन आतून तापतं, पिस्टनवर ताण येतो. जुन्या टू-स्ट्रोकला तर हे फारच महागात पडतं, म्हणून मला हा शब्द नेमका हवा आहे.

आता ‘स्लिप’ बघा. गिअर २:१, म्हणजे इंजिनाच्या ५,२०० फेऱ्यांना पंख्याचे २,६००. गुणिले १५ इंच. हिशोबाने ताशी सुमारे ३७ मैल यायला हवेत. प्रत्यक्षात ३२ येतात. मधल्या तेराएक टक्क्यांना मी ‘घसरण’ लिहिलं आहे. बरोबर वाटतं का?

पुणे

घसरण नको. घसरण म्हटली की दोष वाटतो, आणि हा दोष नाही. पंख्याचं पातं पाण्याला किंचित कोनात भिडतं म्हणूनच जोर निर्माण होतो. स्लिप शून्य झाली तर तो कोनच उरणार नाही आणि पंखा बोट ढकलणार नाही. ‘तूट’ म्हणा. सोनाराकडे, धान्याच्या गोदामात तूट धरलेलीच असते, ती किती ते बघायचं. तेरा टक्के तूट अशा हलक्या बोटीला ठीकच आहे. तीस झाली तर काहीतरी बिनसलंय.

‘घसरणे’ दुसरीकडे राखून ठेवा. पंख्याच्या तुंब्यात रबराची बुश असते. ती जुनी झाली की तुंबा बाहेर आणि दांडा आत, असे वेगवेगळे फिरू लागतात. इंजिन ओरडतं, बोट हलत नाही. तिथे खरोखर काहीतरी घसरलेलं असतं. (तुंबा हा बैलगाडीच्या चाकाचा शब्द. हबसाठी याहून चांगला मला सापडलेला नाही.)

सोलापूर

मला बोटीतलं काही कळत नाही, पण एक विचारते. वळण घेताना इंजिन एकदम किंचाळतं आणि जोर जातो, त्याला सगळे ‘कॅव्हिटेशन’ म्हणतात. आमच्या विहिरीवरच्या पंपाचंही असंच होतं. फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) पाण्याबाहेर उघडा पडला की पंप हवा धरतो. हे एकच का?

मिलवॉकी

ताई, तुमच्याच शब्दात खरं उत्तर आहे. वळणावर होतं ते कॅव्हिटेशन नव्हे. पृष्ठभागावरची हवा किंवा एक्झॉस्टचा वायू पात्यांपर्यंत खेचला जातो, म्हणजे पंखा हवा धरतो. इंग्रजीत त्याला व्हेंटिलेशन म्हणतात, आणि आपल्याला त्या शब्दाने खिडकी आठवते. कॅव्हिटेशन निराळं. पात्याच्या पाठीवर दाब इतका घटतो की थंड पाणीच उकळून वाफेचे बुडबुडे होतात, ते पुढे जाऊन फुटतात आणि धातूला बारीक खड्डे पाडतात. गंमत अशी की पंख्याच्या वरच्या बाजूला इंजिनाला असलेल्या आडव्या पट्टीला जगभर ‘अँटी-कॅव्हिटेशन प्लेट’ म्हणतात, आणि तिचं काम हवा अडवण्याचं. मी तिला ‘हवापट्टी’ म्हणणार आहे. इंजिनाचा दांडा पिछाडीच्या फळीला लांबीने जुळला नाही, १५ इंच उंच फळीला २० इंची दांडा किंवा उलट, तर ही पट्टी चुकीच्या उंचीवर येते. आखूड दांडा असेल तर पंखा सरळ जातानाही हवा धरतो.

हर्णै

हवा धरतो हेच बरोबर. पाणी धरतो, हवा धरतो, जोडी जमली.

जुन्या मशीनच्या अश्वशक्तीचंही लिहा. आमच्या भाच्याने आकडा बघून मशीन बदललं आणि फसला.

मिलवॉकी

नक्की लिहितो. साधारण १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक कंपन्या अश्वशक्ती क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, मोजत. पुढे ती प्रोपेलरच्या दांड्यावर मोजू लागले. गिअरमध्ये जाणारी ताकद आधीच वजा होते, म्हणून तोच आकडा असलेलं नवं इंजिन जुन्यापेक्षा जोरकस निघतं आणि जुन्या इंजिनाचा पंखा त्याला हलका पडतो. शिवाय माझ्या बोटीच्या फळीत फायबरग्लासच्या आत प्लायवूड आहे, साठ वर्षांचं. ते कुजलेलं नाही ना, हे ठोकून पाहिल्याशिवाय मी तिथे काहीच टांगलं नाही.

पुणे

‘प्रॉप करणं’ राहिलंच. ‘पंखा बेतणे’ कसं वाटतं? शिंपी अंगाला कपडा बेततो तसं.

सोलापूर

बेतणे करणाऱ्याच्या बाजूने झालं. इंजिनाच्या बाजूने ‘मानवणे’ घ्या की. एखाद्याला गावचं पाणी मानवतं, एखाद्याला नाही मानवत. ‘इंजिनाला १९चा पंखा मानवला नाही.’

मिलवॉकी

दोन्ही घेतले.

काल रात्री बाबांशी बोललो. ‘दोन आट्यांमधलं अंतर १५ इंच’ असं वाचून दाखवलं. ते म्हणाले, पाती किती? तीन, म्हटलं. मग हे चूक आहे, म्हणाले. तीन पाती म्हणजे थ्री-स्टार्ट आटा. एका आट्यापासून शेजारचा आटा पाचच इंचांवर, पण एक फेरा दिला की नट पंधरा इंच पुढे जातो. शेजारचं अंतर तो पिच, एका फेऱ्यात जातो तो लीड. बोटवाले ज्याला पिच म्हणतात तो लेथवाल्याचा लीड आहे. मग मराठीत काय म्हणू, विचारलं. ‘चाल म्हण. एका फेऱ्याची चाल.’

तेव्हा माझं वाक्य आता असं झालं आहे: ‘१९ इंच चालीचा पंखा इंजिनाला मानवला नाही, ते दबत होतं, १५ इंच चालीचा बेतला तेव्हा ते ५,२०० फेऱ्यांवर आलं, तूट तेरा टक्क्यांवर राहिली, आणि वळणावर पंखा हवा धरेनासा झाला तो दांडा फळीला जुळवल्यावर.’