दाखला नाही म्हणून लेकरू घरी बसवता येत नाही

प्रेषक: वैशाली (सध्या माहेरी, धारूर तालुका)

सर्वांना नमस्कार,

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दीड महिना गावी आले आहे. परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाचा हा विषय नाही, पण आपल्यातले निम्मे लोक बीड, लातूर, धाराशिवकडचेच, म्हणून लिहिते.

आमच्या शेजारचं कुटुंब दरवर्षी ऊसतोडीला जातं. यंदा कोल्हापूरकडे होते. पाडव्याच्या आधी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी परतली. त्यांची मुलगी आठ वर्षांची. दिवाळीपर्यंत ती इथल्याच शाळेत तिसरीत होती. तिकडे कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीत) असताना जवळच्या शाळेत दोन महिने बसली. तिथल्या बाईंनी चांगल्या मनाने तिचं नाव ऑनलाइन आपल्याकडे घेतलं. आता इथले मुख्याध्यापक म्हणतात, नाव आमच्या पटावर नाही, तिकडून दाखला आणा. आधारवरची जन्मतारीख चुकली आहे, तीही दुरुस्त करा. आणि तसाही महिनाच राहिलाय, जूनमध्ये या.

कोल्हापूरला जाऊन यायचं म्हणजे गाडीभाडं आणि दोन दिवसांची मजुरी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अजून फिटलेली नाही.

सध्या सकाळची शाळा आहे. पोरगी रोज गणवेश घालून आमच्या ओट्यावर येऊन बसते. शाळेची घंटा इथपर्यंत ऐकू येते. घंटा झाली की उठते आणि घरी जाते. मला हे बघवत नाही. कायद्यात काही आहे का?

वैशाली

प्रेषक: गुरुजी (केज, सध्या मुलाकडे, ह्यूस्टन)

चि. वैशाली, अनेक आशीर्वाद.

आहे, आणि अगदी स्पष्ट आहे. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. त्यामुळे त्या गृहस्थांची भीती मला कळते. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची मुलं खरंच शाळेत आहेत का ते मोजलं. त्याआधी ती आपल्या नांदेडात झाली होती. बोगस पट उघडे पडले ते चांगलंच झालं, पण तेव्हापासून एकच नाव दोन शाळांत दिसेल की काय, या धास्तीनं मुख्याध्यापक कागदाला घट्ट धरून बसतात. त्याची किंमत मात्र लेकरानं का मोजावी?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. त्याचं कलम ५ नीट वाच. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचा हक्क मुलाचा आहे. आधीच्या मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा, आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. म्हणजे आधी पोरगी वर्गात, दाखला मागाहून. कोल्हापूरच्या शाळेकडे ऑनलाइन विनंती पाठवायची ती इथल्या शाळेनं. त्या माउलीनं एसटीत बसायची काही गरज नाही.

जन्मतारखेचं कलम १४ मध्ये आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर आईबापाचं लेखी निवेदन चालतं. आधारबद्दल तर सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं आहे की शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं करता येणार नाही. 'जूनमध्ये या' याला उत्तर कलम १५ : मुदत संपल्यावर आलेल्या मुलालाही परत पाठवता येत नाही.

आता तू काय करायचंस ते सांगतो. तोंडी बोलू नकोस. साध्या कागदावर अर्ज लिही, खाली आईची सही. दोन प्रती कर आणि एका प्रतीवर तारीख, शिक्का घालून पोच माग. नकार द्यायचा असेल तर तो लेखी द्या, एवढंच म्हण. माझ्या सगळ्या नोकरीत असा लेखी नकार दिलेला माणूस मी पाहिला नाही. शब्द सौम्य ठेव. ते उद्या त्या मुलीचे गुरुजी असणार आहेत.

तरीही अडलं तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. शाळा व्यवस्थापन समितीलाही सांग. तिच्यात पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ऊसतोडीच्या वस्तीवरची एखादी बाई त्या समितीत आहे का, तेही बघ.

आणि पुढच्या दिवाळीला टोळी निघायच्या आधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवलं की तिकडची शाळा मुलीला बसवून घेते आणि इथलं नाव हलत नाही. गावात हंगामी वसतिगृह (आईबाप तोडीला गेल्यावर मागं राहणाऱ्या लेकरांच्या जेवणाची सोय) मंजूर असेल तर आजीजवळ राहूनही शिकता येईल.

गुरुजी

प्रेषक: मनीषा, न्यू जर्सी

गुरुजी, मी इथे सरकारी शाळेत शिकवते. बेघर कुटुंबातलं मूल आलं की त्याला त्याच दिवशी वर्गात घ्यायचं आणि कागद आम्ही मागवायचे, असा कायदा आहे. आपल्याकडेही तसंच आहे हे मला माहीत नव्हतं. माझा भाऊ संभाजीनगरला रिक्षा चालवतो. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेत गरीब मुलांसाठी राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागा मिळत नाहीत, असं त्याला कुणी सांगितलंय. खरं का?

प्रेषक: गुरुजी

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं तसा नियम काढला होता. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ ला तो रद्द केला. भावाला म्हणावं, सोडतीचा ऑनलाइन अर्ज वेळेत भर. प्रवेशासाठी देणगी मागणं किंवा मुलाची-पालकांची मुलाखत घेणं हेही कायद्यात बसत नाही.

प्रेषक: वैशाली

गुरुजी, काल तिच्या आईला घेऊन शाळेत गेले. अर्ज मी लिहिला, सही तिनं केली. उसाच्या पाचटानं तिची बोटं चिरलेली, पेन धरवत नव्हता. तरी अंगठा नको म्हणाली.

सरांनी अर्ज दोनदा वाचला. शिक्का कपाटात आहे आणि किल्ली बाईंकडे, म्हणाले. आम्ही बाकावर बसून राहिलो. अर्ध्या तासानं बाई आल्या, पोच मिळाली. मग सरांनी आमच्यासमोरच केंद्रप्रमुखांना फोन लावला, कोल्हापूरला विनंती पाठवली आणि पोरीला बालभारतीच्या पुस्तकातलं एक पान वाचायला दिलं. तिनं न अडखळता वाचलं. 'हिला घरी कशाला बसवलं होतं?' असं बाईच पुटपुटल्या. आज सकाळी ओटा रिकामा होता. दुपारी पोरगी खिचडी खाऊनच घरी आली.

वस्तीवर अशी आणखी तीन लेकरं आहेत, उद्या त्यांच्या आयांना घेऊन जाते. त्यातला एक मुलगा दहा वर्षांचा आहे. तो कधीच शाळेत गेला नाही, बैलांमागेच वाढला. त्याच्या अर्जात काय लिहू? पहिली?

प्रेषक: गुरुजी

पहिली नाही. कलम ४ : वयाप्रमाणे वर्ग. मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण देणं शाळेला बंधनकारक आहे, आणि चौदा वर्षं उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचं शिक्षण मोफतच राहतं. अर्जात इयत्ता पाचवी लिही.